एका ओळीतलं आयसीयू

पत्र:

नमस्कार ताई,

मी नाशिकची. बी.फार्म. करून अमेरिकेत आले, इथे चार वर्षांचं फार्म.डी. (फार्मसीची व्यावसायिक डॉक्टरेट) केलं, मे महिन्यात पास झाले आणि जुलैपासून ओहायोतल्या एका हॉस्पिटलात पीजीवाय-१ रेसिडेंट आहे, म्हणजे पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षात. मी ओपीटीवर (शिक्षणानंतर कामाची तात्पुरती परवानगी), नवरा न्यू जर्सीत एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा). आमच्या हॉस्पिटलात पीजीवाय-२ची, म्हणजे दुसऱ्या, एका विषयातल्या प्रशिक्षण-वर्षाची एकच जागा आहे, क्रिटिकल केअरची म्हणजे आयसीयूची. आतल्या रेसिडेंटना ‘अर्ली कमिटमेंट’ करता येते, म्हणजे ती जागा आधीच पक्की करता येते. डायरेक्टर म्हणाल्या, विचार असेल तर नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या आत अर्ज दे. माझी को-रेसिडेंटही त्याच जागेसाठी अर्ज करणार असं कानावर आलंय. आम्ही एकाच खोलीत बसतो, पण हा विषय दोघीही काढत नाही.

ऑगस्टमध्ये आयसीयूचं रोटेशन झालं, छान होतं, शिकायला मिळालं. प्रिसेप्टर, म्हणजे शिकवणारे फार्मासिस्ट, मात्र म्हणाले की मी राउंडवर बोलत नाही.

दर बुधवारी दुपारी माझं डायबेटिस क्लिनिक असतं. तिथे सिटी बस चालवणारे एक गृहस्थ येतात. जुलैत त्यांचं ए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) १०.८ होतं. इन्सुलिन वेळेवर घेतो म्हणायचे, पण आकडे जुळेनात. तिसऱ्या भेटीत मी त्यांना ड्युटीचा तक्ता मागितला. तेव्हा कळलं की बस चालवायची असते त्या दिवशी ते इन्सुलिन घेतच नाहीत. गाडी चालवताना शुगर खाली गेली तर, ही भीती. शिवाय लायसन्सची काळजी. मग डॉक्टरांशी बोलून आठवड्यातून एकदाचं इंजेक्शन सुरू केलं, इन्सुलिन कमी केलं. परवा ८.४ आलं. जाताना त्यांनी मला त्यांच्या रूटचं छापील वेळापत्रक दिलं, म्हणाले, कधी बसलीस तर सांग.

आई म्हणते, हातचं सोडून पळत्यापाठी लागू नये. बाबा म्हणतात, अजून किती शिकणार, घरावर कर्ज आहे. मी अर्ली कमिटमेंट करू का? बाहेर अर्ज केला तर इथल्या लोकांना राग येईल का? आणि ज्या प्रिसेप्टरना मी फारशी आवडले नाही, त्यांचं पत्र घ्यावं का?

— एक रेसिडेंट, ओहायो

उत्तर:

तुझं पत्र दोनदा वाचलं. आयसीयूला तू एक ओळ दिलीस. ‘छान होतं, शिकायला मिळालं.’ आपण नावडत्या नातेवाइकांच्या घरून जेवून आल्यावर असंच बोलतो. बस ड्रायव्हरला अख्खा परिच्छेद, ए१सीच्या दशांशासकट. आणि मग विचारतेस की आयसीयूच्या जागेला बांधून घेऊ का!

मी स्वतः आयसीयूतली फार्मासिस्ट. त्यामुळे त्या कामाची निंदा माझ्या हातून होणार नाही, पण ते काम जवळून कसं असतं ते सांगते. सकाळी साडेसहाला मी स्क्रीनसमोर असते. अकरा पेशंट, त्यातल्या चौघांच्या किडन्या कालच्यापेक्षा वाईट, एकाचं नॉरएपिनेफ्रिन (रक्तदाब टिकवणारं औषध) रात्रीत दुप्पट झालेलं. आठला राउंड. अटेंडिंग, म्हणजे मुख्य डॉक्टर, चालता चालता विचारतो आणि उत्तर पुढच्या दारापर्यंत पोचायच्या आत हवं असतं. दुपारी कोड ब्लू झाला, म्हणजे कुणाचं हृदय थांबलं, की क्रॅश कार्टपाशी उभं राहून एपिनेफ्रिनची वेळ मोजायची. यातल्या बहुतेक पेशंटशी माझं कधी बोलणंच होत नाही, कारण त्यांच्या घशात नळी असते. बरे झाले की दुसऱ्या मजल्यावर जातात आणि पुढे त्यांचं काय झालं ते मला कळतही नाही. मला हे चालतं. मला तो वेग आवडतो, आणि खरं सांगायचं तर त्याच माणसाला दर तीन महिन्यांनी भेटून ‘पोळ्या किती खाता’ विचारायचा माझ्यात धीर नाही. तू ड्युटीचा तक्ता मागितलास. तिसऱ्या भेटीपर्यंत थांबून मागितलास. त्याला अँब्युलेटरी केअर म्हणतात, दाखल नसलेल्या पेशंटची क्लिनिकमधली काळजी, आणि त्याची स्वतंत्र पीजीवाय-२ असते.

मग प्रश्न उरतो तो ‘हातच्या’ जागेचा. आईंचं म्हणणं मला कळतं, पण ती जागा तुझ्या हातात आहे कुठे? जागा एक आणि तुम्ही दोघी. अर्ली कमिटमेंटची मेख अशी की निर्णय आधी, बाकीचं जग नंतर. डिसेंबरच्या मध्याला ती मुदत संपते. दोन्ही बाजूंनी करारावर सह्या झाल्या की ती जागा मॅचमधून, म्हणजे देशभरातल्या जागांच्या संगणकी वाटपातून, निघते आणि तूही निघतेस. त्यानंतर जानेवारीत न्यू जर्सीतल्या एखाद्या क्लिनिकची मुलाखत किती गोड वाटली असती, याला काही अर्थ राहत नाही. ज्यांना तेच काम, तेच हॉस्पिटल, तेच गाव हवं असतं त्यांच्यासाठी ही सोय उत्तम आहे. फॉर्म नको, विमान नको, मार्चपर्यंत जीव टांगणीला नको. माझ्या हाताखालच्या काही मुलांनी ती घेतली आणि सुखी आहेत. तुला मात्र यातलं एकच हवंय: जीव टांगणीला नको.

पण त्याआधी एक काम, आणि ते पत्रात तू लिहिलेलंच नाहीस. व्हिसा. तुझी ओपीटी बारा महिन्यांची. फार्म.डी.ला स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ठरावीक पदव्यांची) वाढीव मुदत मिळत नाही. म्हणजे पीजीवाय-१ संपेल त्याच सुमाराला तुझी कामाची परवानगीही संपेल. पीजीवाय-२ जुलैच्या सुरुवातीला चालू होते. बहुतेक एच-१बी लॉटरीने मिळतात आणि त्यांवर काम सुरू करता येतं १ ऑक्टोबरला. नंबर लागला आणि अर्ज वेळेत गेला तर ‘कॅप-गॅप’च्या सवलतीत ओपीटी तोवर लांबते, पण लॉटरीचा भरवसा नाही आणि रेसिडेन्सी तुझ्यासाठी थांबत नाही. म्हणून तुला लॉटरीबाहेरचा मालक लागेल: विद्यापीठ, किंवा विद्यापीठाशी रीतसर संलग्न असलेलं ना-नफा हॉस्पिटल. त्यातही गोम आहे. एच-१बीसाठी त्या कामाचा प्रचलित पगार द्यावा लागतो आणि रेसिडेंटचं विद्यावेतन फार्मासिस्टच्या पगाराच्या निम्म्यालाही पोचत नाही. त्यामुळे बरीच हॉस्पिटलं सरळ हात वर करतात. नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी मालकाने केलेला अर्ज) मंजूर झालं असेल तर एच-४ वर, म्हणजे त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, तुला स्वतःचं ईएडी (कामाचा परवाना) मिळू शकतं, मग हा सगळा गुंता बराच सुटतो. ते मंजूर आहे का, हे आज रात्रीच त्याला विचार. बाकी गोष्टी इमिग्रेशन वकिलाला विचार, पैसे देऊन. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको.

आणि हे तुझ्या सध्याच्या हॉस्पिटललाही लागू आहे. तू तिथे आहेस म्हणून पुढच्या वर्षीचा व्हिसा आपोआप मिळतो असं अजिबात नाही. डायरेक्टर प्रेमळ असतात, ‘वुई विल फिगर इट आउट’ म्हणतात, आणि मग एचआर म्हणतं आमचं धोरण नाही. एचआरचं उत्तर ईमेलवर आल्याशिवाय कसल्याही कागदावर सही करू नकोस.

मी इथे आले तेव्हा दार वेगळं होतं. माझं बी.फार्म. २००३च्या आधीचं, त्यामुळे चार वर्षांच्या पदवीवरही एफपीजीईईला, म्हणजे परदेशी फार्मसी पदवीधरांच्या परीक्षेला, बसता आलं. त्यानंतर पास होणाऱ्यांना किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो, म्हणून तुझ्यासारख्यांना इथे येऊन पुन्हा फार्म.डी. करावं लागतं आणि बाबांना घर गहाण ठेवावं लागतं. मी काही वर्षं दुकानात गोळ्या मोजल्या आणि बरीच उशिरा रेसिडेन्सीला लागले. पीजीवाय-२ साठी अर्ज केला तेव्हा मी ज्या चुका केल्या, त्यातली एक सांगते, कारण तू तीच करायच्या बेतात आहेस.

मला दोन जागा आवडल्या होत्या. एक मोठं विद्यापीठाचं हॉस्पिटल, ते मनापासून हवं होतं. दुसरं मध्यम, जिथल्या डायरेक्टरने मुलाखतीनंतर मला फार गोड ईमेल लिहिला होता. मी विचार केला, मोठ्या ठिकाणी माझे उच्चार ऐकून त्यांनी नाकं मुरडली असणार. पहिला नंबर वाया कशाला घालवा? गोड ईमेलवाल्यांना पहिलं ठेवलं. मॅच झाला, तिथेच. वर्षभर एकाआड एक शनिवार-रविवार मेन फार्मसीत ऑर्डरी तपासत होते, प्रकल्पाला रात्री बसत होते. शिकले नाही असं नाही. पण मोठ्या ठिकाणी माझा नंबर लागला असता का, हे कुणीही, कधीही मला सांगणार नाही. मॅच चालवणारे, नॅशनल मॅचिंग सर्व्हिसेसवाले, तेवढं कळवत नाहीत.

गंमत अशी की माझा हिशेब मुळातच चुकला होता. पहिला नंबर ‘वाया’ जातच नाही. नाशिकला बी.फार्म.साठी तू कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरला असशील. बाबा मागच्या वर्षीचे कटऑफ घेऊन बसले असतील. तो हिशेब इथे विसर. इथे संगणक आधी तुझ्या पहिल्या पसंतीच्या दारावर जातो. त्यांनी तुला यादीत घेतलंय आणि जागा आहे, तर ती तात्पुरती तुझी. नंतर त्यांना तुझ्याहून अधिक आवडलेली कुणी आली तर तू बाहेर, आणि संगणक तुझी दुसरी पसंती ठोठावतो. तिला तू पहिलं ठेवलं असतंस तर तिथे जो मान मिळाला असता तोच आताही मिळतो, रतीभरही कमी नाही. गेल आणि शेप्ली यांनी १९६२ मध्ये हे गणित मांडलं तेव्हा उदाहरण घेतलं होतं कॉलेज प्रवेशाचं आणि लग्नांचं. २०१२ मध्ये शेप्ली आणि रॉथ यांना त्यासाठी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणून यादी आवडीच्या क्रमाने लाव, आणि जिथे जायचंच नाही ते नाव यादीत घालूच नकोस. निकाल बंधनकारक असतो. ‘लागलं तर बघू’ इथे चालत नाही.

मुलाखतीत कुणी ‘आम्हाला पहिलं ठेवशील ना?’ असं विचारलं, तर तो प्रश्न नियमाबाहेरचा आहे. हसून ‘तुमचा प्रोग्राम मला आवडला’ म्हण आणि विषय बदल.

आता पत्रं. फॉर्कासमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या ऑनलाइन अर्जात, शिफारस करणाऱ्याला नुसतं गोडगोड लिहून सुटता येत नाही. वेगवेगळ्या गुणांवर मत द्यावं लागतं आणि सुधारणा कुठे हवी तेही लिहावं लागतं. आमच्या निवड समितीत मी आधी तोच भाग उघडते. ‘कष्टाळू, नम्र, सगळ्यांशी जुळवून घेते’ या वाक्यांवरून डोळा घसरतो, कारण ऐंशीतल्या सत्तर अर्जांत तेच असतं. एकदा एका पत्रात होतं: सप्टेंबरभर राउंडवर गप्प असायची, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात हेपरिनचा डोस चुकतोय असं तिने अटेंडिंगला थांबवून सांगितलं, आणि बरोबर होती. त्या मुलीला आम्ही मुलाखतीला बोलावलं. पत्र लिहिणाऱ्याने तिचा दोष लपवला नव्हता. तो कसा गेला, ते लिहिलं होतं.

म्हणून आयसीयूच्या प्रिसेप्टरला टाळायची घाई करू नकोस. आधी त्यांना जाऊन विचार, ‘ऑगस्टनंतर माझ्यात काही फरक दिसला का? तुम्ही माझ्यासाठी ठाम पत्र लिहू शकाल का?’ ‘ठाम’ हा शब्द वगळू नकोस. ते जरा थांबले, खिडकीबाहेर बघितलं, ‘लिहीन की’ म्हणाले, तर आभार मान आणि दुसरा माणूस शोध. तीन पत्रांत एक डायरेक्टरचं हवंच. ते नसेल तर वाचणारा भुवया उंचावतो. दुसरं क्लिनिकच्या प्रिसेप्टरचं. तिसऱ्यासाठी वीकएंडला तुझ्या शेजारी बसून ऑर्डरी तपासणारे सीनियर फार्मासिस्ट मला जास्त पसंत. फोन वाजत असताना, टेक्निशियन हाका मारत असताना तू कशी वागतेस ते त्यांनीच पाहिलेलं असतं.

तुझं स्वतःचं पत्र एका पानाचं. त्यात बस ड्रायव्हर येऊ दे, मला लिहिलास तसाच, फक्त ओळख पटेल असं काही नको. वेळापत्रकाचा शेवटचा भाग काढ, तो आपल्या दोघींत राहू दे. ‘लहानपणापासून मला लोकांची सेवा करायची होती’ हे वाक्य लिहायची इच्छा झाली तर उठून चहा कर.

डिसेंबरच्या सुरुवातीला एएसएचपीची, म्हणजे हॉस्पिटल फार्मासिस्टांच्या संघटनेची, मिडइयर परिषद असते. जमलं तर जा. तिथे शेकडो टेबलं मांडलेली असतात आणि फार्म.डी.चे विद्यार्थी जथ्याने फिरत असतात. डायरेक्टरच्या समोरच्या रांगेत उभी राहू नकोस. टेबलाच्या कडेला कंटाळून उभ्या असलेल्या चालू पीजीवाय-२ रेसिडेंटला गाठ आणि विचार. इन्सुलिनचा डोस तुम्ही स्वतः बदलता की दर वेळी डॉक्टरला विचारावं लागतं? महिन्यात किती वीकएंड? गेल्या वर्षीची रेसिडेंट आता कुठे काम करते? पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला ती अडखळली तर ते क्लिनिक नावापुरतं आहे असं समज.

आठ-दहाच ठिकाणी अर्ज कर, आणि व्हिसाबद्दल आधी विचारून मग. बहुतेकांची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला किंवा त्याआधीच असते, म्हणजे नाताळात झोप नाही. मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत, बऱ्याच आता व्हिडिओवर होतात, पण सुट्टीचा हिशेब ठेव. रेसिडेन्सीतून बाहेर राहण्याला साधारण ३७ दिवसांची मर्यादा असते आणि आजारपण, सण, मुलाखती सगळं त्यातच मोजतात. पसंतीची यादी मार्चच्या सुरुवातीला, निकाल मार्चच्या मध्यावर. नाही लागलं तर दुसरी फेरी असते, २०१६ पासून ती रीतसर आहे, आणि त्यात चांगल्या जागाही उरलेल्या असतात.

इथले लोक रागावतील का? डायरेक्टरला आत्ताच सांग की मन अँब्युलेटरीकडे ओढतंय. पीजीवाय-१ संपवून माणसं बाहेर जातात, हे त्यांना तुझ्याआधीपासून माहीत आहे. नोव्हेंबरात कळलं तर डायरेक्टर तुझ्यासाठी चार ओळखीच्यांना फोन करतील. मार्चमध्ये कळलं तर मात्र रागावतील, आणि तो राग रास्त असेल.

बाबांचा प्रश्न मी उडवून लावणार नाही. सरकारी आकडेवारीनुसार २०२३ मध्ये इथल्या फार्मासिस्टचा मध्यम पगार १,३६,०३० डॉलर होता. रेसिडेंटला साधारण पन्नास ते साठ हजार मिळतात. म्हणजे हे वर्ष कर वगैरे धरण्याआधी तुम्हाला पाऊण लाख डॉलरच्या घरात पडतं, आणि नाशिकच्या घराचा हप्ता त्यातूनच जायचाय. पीजीवाय-२ शिवायही क्लिनिकची कामं मिळतात, पीजीवाय-१ आणि पुढच्या अनुभवावर बोर्डाची, म्हणजे त्या विषयातल्या प्रमाणपत्राची, परीक्षाही देता येते. मोठ्या विद्यापीठांच्या क्लिनिकमध्ये मात्र पीजीवाय-२ वाल्यांचा नंबर आधी लागतो. नवऱ्याबरोबर बसून कागदावर दोन्ही बाजू मांडा आणि मग बाबांना आकड्यांसह फोन कर. त्यांना ‘करिअर ग्रोथ’ सांगू नकोस. कर्ज कोणत्या वर्षी फिटेल ते सांग. आणि हिशेब जमला नाही, तर जुलैत न्यू जर्सीत नोकरी धरणं हा पराभव नाही, फक्त त्या नोकरीसाठीही व्हिसाचं वरचं सगळं पुन्हा वाचावं लागेल.

राहिली को-रेसिडेंट. ती बिचारी गेले काही आठवडे तुझ्याकडे पाठ करून, त्या एकाच जागेचा विचार करत त्याच खोलीत बसलीय. तुला ती जागा नकोय हे माझ्याआधी तिला कळायला हवं होतं. सोमवारी डबा उघडलात की सांगून टाक.